तो प्रार्थनेला यायला लागला

ज्याच्या तारेनं माझ्या नवऱ्याचा जीव घेतला, तो माणूस जामिनावर सुटून गावात आला आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्या प्रार्थनाघरात येऊन बसला.

मी बायांच्या बाजूला पुढं बसले होते. गाणं चाललं होतं. मागं दार करकरलं. कुणीतरी उशिरा आलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण एकेका बाईचा आवाज बारीक होत गेला, ढोलकीवरचा हात अडखळला, तेव्हा मी वळून पाहिलं. तो दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. केस पांढरे झाले होते. सदरा अंगावर लोंबत होता.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिनं माझा पदर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, हाच ना तो?"

गाणं थांबलं. मी मुलीचा हात धरून उठले. बाहेर जायची वाट एकच, त्याच्या अंगावरून. माझी चप्पल त्याच्या पायाशी पडली होती. ती घ्यायला त्याच्यासमोर वाकावं लागलं असतं, म्हणून मी तशीच अनवाणी घरी आले.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, जंगलाच्या कडेला. एका अंगाला तलाव आणि बांध घालून पाणी साठवलेल्या धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला सागाचं आणि मोहाचं रान. माझ्या सासरची माणसं तलावात मासे धरणारी, जोडीला थोडं धान पिकवणारी, आपल्या देवांचं सगळं रीतीनं करणारी. ख्रिस्ती आम्ही दोघंच झालो, तेही लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर. कारण नवऱ्याची दारू.

तो प्यायला की मी मुलीला घेऊन शेजारणीच्या घरामागं, सांदवाडीत लपायचे. तिथंच एका बाईनं मला प्रार्थनेला नेलं आणि माझ्यामागून, चिडून, भांडायला म्हणून तो आला. भांडण राहून गेलं. लोक साक्ष देताना सांगतात की देवानं दारू एका दिवसात सोडवली. त्याचं तसं झालं नाही. तो सोडायचा, पुन्हा प्यायचा, रडायचा, पुन्हा सोडायचा. आमचे पास्टर गोंडपिपरीहून मोटरसायकलवर यायचे आणि ओट्यावर त्याच्याजवळ गप्प बसून राहायचे. हळूहळू पडणं कमी होत गेलं. शेवटी शेवटी तर तो पहाटेच उठायचा, ओट्यावर बसून पुटपुटायचा आणि मग बांधीत पाणी बघायला निघून जायचा. त्याचं ते पुटपुटणं ऐकताना मला हेवा वाटे. मी प्रार्थना म्हणत असे. तो देवाशी बोलत असे. मधेच हसायचासुद्धा.

धान निसवलं की आमच्याकडं रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत बांधी लोळवून टाकतात. म्हणून काही लोक चोरून करंट लावतात. विजेच्या तारेवर आकडा टाकायचा, शेताभोवती उघडी तार फिरवायची, उजाडायच्या आत काढून घ्यायची. आमच्या शेताला लागून ज्याचं शेत होतं, त्यानंही लावला होता. हा माणूस माझ्या नवऱ्याचा जुना पिण्यातला जोडीदार. त्या रात्री तो पिऊन झोपला आणि पहाटे तार काढायला उठलाच नाही. माझा नवरा मात्र रोजच्यासारखा उठला, पुटपुटला, आणि धुक्यात निघून गेला.

दोन शेतांमधल्या धुऱ्यावर पडलेला तो मला दिसला तेव्हा त्याच्या हातात फावडं होतं.

पुढं कित्येक महिने माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. तो अजून पीत असता तर त्या दिवशी घरात पडून राहिला असता आणि वाचला असता. देवानं त्याला बाटलीतून सोडवलं ते कशासाठी, तर त्या धुऱ्यावर नेण्यासाठी? हे मी कुणाजवळ बोलले नाही. रविवारी मात्र जात राहिले, कारण रडायला दुसरी जागा नव्हती. घरी मुलगी बघायची, मी कामाला जाते त्या अंगणवाडीत लेकरं बघायची. प्रार्थनाघरात डोळे मिटलेले असायचे.

आता तीही जागा त्यानं घेतली.

पुढल्या आठवड्यात पास्टर घरी आले. माझी चप्पल त्यांनी पिशवीत घालून आणली होती. मी चहासुद्धा विचारला नाही.

"तो येईन तर मी येणार नाई," मी म्हणाले. "त्याले सांगा, दुसरीकडं जा म्हणा."

"मी त्याले बोलावलं नाई बाई," ते म्हणाले.

"मंग हाकला."

"कसा हाकलू? घर माहं आहे का?"

"मंग कोनाचं आहे? तुमच्या देवाले माहा माणूस पुरला नाई, आता त्याचा मारनाराही पाहिजे काय?"

पास्टरांनी चपलेची पिशवी माझ्यापुढं ठेवली. ते म्हणाले, "तू त्याले माफ कर असं मी आज म्हनत नाई. तू देवासंग बोलनं बंद नको करू, एवढंच म्हनतो. भांडाचं असन तर भांड. पन त्याच्यासंगच भांड."

मी भांडले नाही. मी बोलणंच टाकलं. दोन रविवार घरी बसले, मग हट्टानं पुन्हा जायला लागले. मी कशाला माझी जागा सोडू? मी पुढं बसायची, तो दाराशी. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणत, तेव्हा क्षमेची ओळ आली की मी ओठ घट्ट मिटून घेई आणि ती गेली की पुन्हा सुरू करी. प्रभुभोजनाच्या दिवशी ताट माझ्यापुढं आलं तेव्हा मी ते पुढं सरकवलं. पाठीत मला त्याची नजर जाणवायची. वळून पाहिलं तर तो जमिनीकडं बघत असायचा, आणि त्याचाही मला राग यायचा. त्यानं मान वर करावी, काहीतरी उर्मट बोलावं, म्हणजे माझा राग बरोबर आहे हे साऱ्यांना दिसेल, असं वाटायचं.

तो रोज मरावा असं मला वाटत होतं. हे मी सौम्य करून सांगत नाही. तांदूळ निवडताना, लेकरांना खिचडी वाढताना, विहिरीवर, मी त्याचं मरण बघायची. गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. त्याची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती. ऐकून बरं वाटायचं, पण त्या बऱ्या वाटण्यानं पोट भरत नसे.

त्याच दिवसांत दीर घरी आला. चंद्रपूरच्या कोर्टात केस लागणार होती आणि मला साक्षीला बोलावणार होते.

"वहिनी, नुसतं करंट लावला म्हनून काई होत नाई," दीर म्हणाला. "वकील म्हनन, डुकरासाठी लावला होता, चुकून झालं. थोडक्यात सुटन तो. तुमी सांगा, त्यानं आधी धमकी देली होती."

"धमकी कुठी देली होती?"

"पाटाच्या पान्यावरून भांडन झालंच होतं ना? साऱ्या गावानं आयकलं. तवा म्हनला होता, तुले पाहून घेतो. बस. एवढंच सांगा."

भांडण झालं होतं हे खरं होतं. वरच्या बांधीतून पाणी सोडण्यावरून दोघं धुऱ्यावर उभे राहून ओरडले होते. पण संध्याकाळी तोच आमच्या दारात येऊन बसला होता आणि मी दोघांना चहा दिला होता. 'पाहून घेतो' असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"एका वाक्याचं काम आहे वहिनी," दीर म्हणाला. "माहा भाऊ गेला."

मी हो म्हणाले. आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मला भूक लागली.

मग मोहाचा हंगाम आला. मोहाचं फूल पहाटे गळतं. उजाडता उजाडता झाडाखाली पिवळा सडा पडलेला असतो आणि ऊन चढायच्या आत तो वेचून घ्यावा लागतो. आता आमच्या भागात वाघ वाढलेत. मोह वेचणारा माणूस उकिडवा बसलेला, खाली वाकलेला असतो. वाघाला तो जनावरासारखा दिसतो, असं वनखात्याचे लोक सांगतात. म्हणून आम्ही बाया घोळक्यानं जातो, मोठमोठ्यानं बोलतो, डबे वाजवतो. एकट्यानं कुणी जात नाही.

तो एकटा जायचा, कारण त्याला सोबत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्या सकाळी आमचा घोळका नाल्याच्या या अंगाला होता. माझं झाड थोडं आत, कडेला. टोपली अर्धी भरली होती. मी कंबर मोकळी करायला उभी राहिले आणि नाल्याच्या पलीकडं तो दिसला. माझ्याकडं पाठ करून, उकिडवा बसून, तो त्याच्या झाडाखाली मोह वेचत होता. कपाळावर आठी घालून मी त्याच्याकडं बघत राहिले, नेहमीसारखी. आणि बघता बघता त्याच्या मागच्या रायमुनियाच्या झुडपात मला काहीतरी वेगळं दिसलं.

आधी वाटलं वाळलेला पाला. मग त्या पाल्याला कान दिसले.

वाघ जमिनीला पोट लावून होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याचं सगळं लक्ष त्या वाकलेल्या पाठीवर होतं. तो पुढं सरकला, आणि त्याच्या पायाखालचं एक पानसुद्धा वाजलं नाही.

मी ओरडले नाही.

भीतीनं आवाज गेला असं मी पुढं लोकांना सांगू शकले असते, आणि कुणी शंकाही घेतली नसती. पण भीती मला माहीत आहे. ती नंतर आली. त्या वेळी माझ्या आत सगळं शांत, थंड झालं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. विळा उचलायचा नव्हता, कोर्टात खोटं बोलायचं नव्हतं. फक्त उभं राहायचं होतं. कुणी मला बघत नव्हतं. मागं बाया हसत होत्या, कुणीतरी कुणाच्या सुनेची नक्कल करत होती. वाघ पुन्हा सरकला.

आणि मी प्रार्थना केली. कित्येक महिन्यांनी, मनापासून. मी मनात म्हणाले, 'प्रभू, होऊ दे.'

'प्रभू' म्हणताच मी देवाकडं वळले. ते कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही. आवाज ऐकू आला नाही, उजेड पडला नाही. पण ज्याच्याशी इतके दिवस बोलणं टाकलं होतं त्याला मी हाक मारली होती आणि तो तिथंच होता. माझ्या इतक्या जवळ, की पुढचे शब्द मला त्याच्या तोंडावर उच्चारता येईनात. मारून टाक, हे मी देवाच्या पाठीमागं रोज म्हणत होते. समोर म्हणता आलं नाही. मला अशी लाज वाटली, जशी लहानपणी आईनं चोरी करताना धरल्यावर वाटली होती. त्याहून जास्त.

"भाऊ!" माझा आवाज फुटला. "भाऊ, उभे व्हा! मांगं वाघ आहे! उभे व्हा!"

तो दचकून उभा राहिला. माणूस उभा राहिला की वाघाचा हिशोब चुकतो म्हणतात. वाघ थबकला, त्यानं दात दाखवले आणि तो गुरगुरला. मी टोपली फेकून नाल्याकडं धावले, ओरडत. मागून बाया डबे बडवत, किंचाळत आल्या. तो तसाच उभा होता, हात वर केलेले, हलता येत नसल्यासारखा. वाघानं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि तो घाई न करता, पाठ वळवून झाडीत गेला.

तो खाली बसला. त्याच्या दातांचा आवाज येत होता. सगळा मोह सांडला होता.

"वहिनी," तो म्हणाला.

मी मागं वळले आणि बायांच्या घोळक्यात शिरले.

दुपारी वनरक्षक येऊन पायाचे ठसे बघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर माझं नाव झालं. "तुह्या जागी मी असती तं तोंड नसतं उघडलं," शेजारीण म्हणाली. "लय मोठं मन आहे तुहं." प्रार्थनाघरातल्या बाया घरी आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी देवाचे आभार मानले. मी डोळे मिटून बसले आणि मला त्यांचे हात झटकून टाकावेसे वाटत होते. वाघ दोनदा सरकला होता आणि मी पाहत उभी होते, हे त्यांना माहीत नव्हतं.

तोवर माझ्या मनात सगळं साफ होतं. मी चांगली, तो वाईट. तो खुनी, मी विधवा. आता मला कळेना की कुणी कुणाला काय म्हणायचं. त्यानं तार लावली ती डुकरासाठी. दारूच्या नशेत तो उठला नाही. माझ्या नवऱ्यानं मरावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं, हे मला मनातून पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी मात्र शुद्धीत होते, उजेडात होते, आणि मला वाटलं होतं.

रविवारी सगळे गेल्यावर मी पास्टरांना थांबवलं आणि सांगितलं. सगळं. कोर्टात जे बोलायचं ठरवलं होतं तेही.

मला वाटलं, म्हणतील की जाऊ दे बाई, शेवटी ओरडलीस ना.

"तू ओरडली हे खरं," ते म्हणाले. "थांबली होती, हेही खरं. एक झाकाले दुसरं नको वापरू. दोन्ही देवापुढं ठेव."

"त्याले माहीतच आहे."

"त्याले माहीत आहे. तू सांगितलं नाई अजून."

आम्ही दोघं तिथंच सतरंजीवर गुडघे टेकून बसलो. मी काय बोलले ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की मी प्रार्थना म्हटली नाही, बोलले. भांडलेही. नवरा का नेलास, हे विचारलं. ह्याला का आणलंस, तेही विचारलं. त्याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. पण ज्याला विचारत होते तो ऐकत होता, आणि माझ्या पापाची त्याला किळस आलेली नव्हती. उठले तेव्हा गुडघ्यांवर सतरंजीचे वळ उमटले होते.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. जाताना वाटेत मन बदलावं म्हणून मीच कारणं शोधत होते. तो अंगणात दोर वळत बसला होता. मला बघून उठला आणि भिंतीला लागून उभा राहिला. मी मारायला आले असं त्याला वाटलं असावं.

"बसत नाई," मी म्हणाले. "एक सांगाले आली. मी वाघ पाह्यला तवाच ओरडली नाई. पाहत उभी होती. तुमी मरावं असं मले वाटत होतं."

त्यानं हळूच मान हलवली. "मलेही वाटते कधी कधी," तो म्हणाला. "मी मरावं असं."

मी निघाले. दोन पावलांवर थांबून, माझ्याच मनात नसताना विचारलं, "तुमी आमच्या प्रार्थनेले काऊन येता? तालुक्यात दुसरीकडं आहे ना."

"त्यानं बोलावलं होतं," तो म्हणाला.

"पास्टरनं?"

"नाई वहिनी. भाऊनं. तुमच्या मालकानं." तो दोराचं टोक बोटाला गुंडाळत होता. "दारू सोडल्यावर दर शनिवारी माह्या घरी यायचा. म्हने, उद्या चाल माह्यासंग, एकडाव येऊन पाह्य. मी हासो. म्हनो, तूच जा, माह्या वाट्याची बी प्रार्थना कर. जेलात मले दुसरं काई आठवेच ना. तेच आठवे. शनिवार आला का तेच."

मला हे माहीत नव्हतं. नवरा शनिवारी संध्याकाळी कुठं जायचा हे मी कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्या अंगणात उभ्या उभ्या रडले, आणि तोही रडला, पण आम्ही एकमेकांजवळ गेलो नाही. शेजारची माणसं दारात येऊन बघत होती. मी पदरानं तोंड पुसून घरी आले.

दिराला मी सांगितलं की धमकीचं मी बोलणार नाही. तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी खरंच म्हणते आहे.

"त्यानं काय जादू केली तुमच्यावर?"

"काई नाई केली भाऊजी. झालं तेवढंच सांगीन."

"भावाचं रक्त इकून आली तू," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला एकेरी हाक मारली. मुलीला मात्र जाताना जवळ घेतलं.

चंद्रपूरच्या कोर्टात मी साक्षीला उभी राहिले. सरकारी वकिलानं विचारलं, आधी काही वाद होता का. मी सांगितलं, पाण्यावरून झाला होता. मग विचारलं, धमकी दिली होती का. दीर मागच्या बाकावर बसला होता. एक शब्द पुरला असता. माझ्या तोंडात तो आलाही. जुना राग असा जात नाही, तो तिथंच दाराशी बसलेला असतो. मी मनात नुसतं 'प्रभू' म्हणाले, पुढं काही नाही.

"नाही," मी म्हणाले. "त्या संध्याकाळी तो आमच्या घरी चहा प्यायला होता."

करंट कुणी लावला, नवरा कुठं पडला होता, हेही मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही कमी केलं नाही. त्यानं स्वतः उभं राहून कबूल केलं की तार माझीच. निकाल लागेपर्यंत पुढलं वर्ष उजाडलं. निकालाच्या आधीच्या रविवारी प्रभुभोजन होतं. तो दाराशीच बसला होता. त्या दिवशी मी बायांत शेवटी बसले होते. पास्टरांनी ताट फिरवायला दिलं, पुढून मागं जात ते माझ्यापर्यंत आलं. मी चपातीचा तुकडा घेतला. माझ्याशी बायांची रांग संपत होती. मी उठले आणि ताट घेऊन दाराशी गेले. ते त्याच्यापुढं धरलं. त्यानं खाली मान घालून तुकडा घेतला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.

त्याला शिक्षा झाली. तो पुन्हा तुरुंगात गेला. मला आनंद झाला नाही आणि फार दुःखही झालं नाही. झोप मात्र लागली.

सगळं तेव्हाच संपलं असं म्हणणं खोटं होईल. धान निसवायला लागलं, धुकं पडलं की तो राग अजूनही उठतो. काही सकाळी तर मला वाटतं मी काहीच शिकले नाही. तेव्हा मी ओट्यावर बसते आणि देवाला सांगते की आज पुन्हा तेच वाटतंय. सांगितलं की त्याचं ओझं उचलण्याइतकं हलकं होतं. इतकंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागतं.

तो गेल्यानंतरच्या पावसाळ्यात त्याची बायको माहेरून परत आली. पोरं तिथंच शाळेत ठेवून ती एकटी शेत करायला आली होती. आमच्याकडं रोवणीला बाया एकमेकींच्या बांधीत जातात. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. तिच्याकडं कुणी गेलं नाही. मी माझ्या धुऱ्यावरून बघत होते. ती एकटी चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत होती, आणि इतक्या मोठ्या बांधीत तिची रांग पुढं सरकतच नव्हती.

मुलगी माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, "आई, जायचं?"

जायचं नव्हतं. मी उभी राहिले. मग लुगडं खोचलं, धुरा ओलांडला आणि तिच्या बांधीत उतरले. तिनं मान वर करून पाहिलं. तिच्या हातातली पऱ्ह्यांची जुडी पाण्यात पडली.

"दे," मी म्हणाले. "त्या बाजूनं मी धरीन. इतकं दाट नको लावू, फुटवे येनार नाई."

"हो वहिनी," ती म्हणाली आणि तिनं जुडी उचलून माझ्या हातात दिली.